आठवड्याचा खाडा

मागच्या महिन्यात एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. पत्र तसं नेहमीचंच.

“ताई, आमच्याकडे रतीबाचं दूध येतं. साय जाड येते, चवही बरी आहे. पण गेले तीन दिवस दही म्हणून लागत नाही. विरजण शेजारणीकडून आणलं, भांडं बदललं, जागा बदलली. सासूबाई म्हणतात, हल्लीच्या मुलींच्या हाताला गुणच नाही. माझं काय चुकतंय?”

अशा पत्राला उत्तर द्यायला मला एरवी पाच मिनिटं पुरतात. दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट हवं, विरजण ताजं हवं, थंडीत भांडं कणकेच्या डब्यात ठेवावं. हे सगळं आपल्याला आईनं न विचारता शिकवलेलं असतं. मी तेच लिहायला घेतलं. तेवढ्यात आमचे हे चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. पत्र वाचलं नि म्हणाले,

“विरजणाची चौकशी झाली, भांड्याची झाली. गाईची कोण करणार?”

आमचे हे इथं येवल्यात जनावरांचे डॉक्टर आहेत. ताटातल्या वरणभाताकडे बघत गाईच्या पोटाबद्दल बोलणारा माणूस! मी म्हटलं, “अहो, बाईनं दह्याचं विचारलंय, गोठ्याचं नाही.”

“मग उद्या दिवसभर चल माझ्याबरोबर. दह्याचं उत्तर मिळालं नाही, तर रात्रीची भांडी मी घासीन.”

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण ह्यांच्याबरोबर एक अख्खा दिवस कधी गेले नव्हते. माणसांच्या डॉक्टरांच्या बायकोला मान असतो म्हणतात. जनावरांच्या डॉक्टरांच्या बायकोला आधी वास असतो! आमच्या घरचा नियमच आहे. बाहेरून आलं की बूट अंगणात, कपडे वेगळ्या बादलीत, आणि माणूस थेट मोरीत. अंघोळ झाल्याशिवाय मुलांना हात लावायचा नाही. सुरुवातीला मला हा सोवळेपणा वाटे. पुढं कळलं, की जनावरांचे काही आजार माणसालाही होतात आणि डॉक्टराला सगळ्यात आधी. तेव्हापासून ह्या नियमाची पहारेकरीण मीच झाले.

तर भांड्यांच्या लोभानं मी ‘हो’ म्हटलं.

दिवस उजाडायची वाटही फोननं पाहिली नाही. पहाटे साडेचारला घंटी. अंगणगावच्या पुढे मळ्यात एक पहिलारू गाय अडली होती. मोटारसायकलवर मागे बसून निघाले. गाव अजून झोपेत होतं. एरवी येवल्याच्या गल्लीतून जाताना कुठून ना कुठून पैठणीच्या मागाची खटखट ऐकू येते, पण त्या वेळी माग निजलेले होते आणि आमचे डॉक्टर जागे.

मळ्यात गोठ्यापाशी एक आजी बॅटरी धरून उभ्या होत्या. शेजारी मुलगा. ह्यांनी मुलाला विचारलं, “कधीपासून कळा देतेय?” मुलगा म्हणाला, “झाला असंल तासभर.” आजींनी मान हलवली. “तासभर कशाचा! मध्यरात्रीपासून उठबस करू राहिली. मी सांगत होते फोन कर, फोन कर. हा म्हणे सकाळी बघू.”

ह्यांनी मुलाला पुढं काही विचारलंच नाही. बाकीचं सगळं आजींना विचारलं. पाणमोट कधी फुटली, आधी काय दिसलं, चारा कधी सोडला. मग कोपराच्या वर पोचणारा हातमोजा चढवला, साबणाचं पाणी घेतलं. वासरू नीट येतं तेव्हा आधी पुढचे दोन पाय येतात आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक. इथं पाय आले होते, पण मान एका अंगाला वळलेली. अशा वेळी नुसतं ओढलं तर गायही जाते नि वासरूही. दोन कळांच्या मधल्या वेळात वासराला हलकेच आत ढकलायचं, तोंड तळहातात घ्यायचं, मान सरळ करायची आणि मग कळेबरोबर ओढायचं. हे लिहायला दोन ओळी लागल्या. प्रत्यक्षात पाऊण तास लागला. थंडीत ह्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

वासरू आलं. कालवड! आजींनी गवताची काडी तिच्या नाकपुडीत फिरवली. कालवड शिंकली आणि मग माझ्या लक्षात आलं, की इतका वेळ मीही श्वास धरून उभी होते.

हात धुताना ह्यांनी आजींना बजावलं, “पहिला चीक तिला. तासा-दोन तासांच्या आत. मग उरेल तो खरवसाला.” भगिनींनो, हे आपल्यासाठीही आहे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच रोगाशी झगडण्याची थोडी शिदोरी मिळते. वासराला ती पोटात मिळत नाही. चिकातूनच मिळते, आणि तीही पहिल्या दिवसभरातच अंगी लागते. पुढं आतड्याचं दार बंद होतं. तेव्हा दूधवाल्याकडे चीक मागताना “वासराचं झालं का?” एवढं विचारा. आपला खरवस एक दिवस उशिरा झाला तर काही बिघडत नाही.

घरी येऊन अंघोळ, चहा, दोन घास पोहे, आणि नऊला दवाखाना. दवाखान्यात खाट नसते, लोखंडी नळ्यांचा खोडा असतो. त्यात गाय-बैल उभा करायचा, दोर बांधायचा आणि मग तपासायचं. रांगेत दोन शेळ्या, एक खांदा सुजलेला बैल, एक लंगडं कुत्रं, आणि पोट तट्ट फुगलेली एक गाय. गाय गावातलीच, गल्लोगल्ली फिरणारी. आदल्या दिवशी कुठंसं जेवण झालं होतं. उरलेला भात आणि पोळ्या तिच्यापुढे पातेल्यानं ओतल्या होत्या. ओतणाऱ्या बाईला पुण्यच वाटलं असणार!

मला ह्यांनी तिथंच गाईचं पोट समजावून सांगितलं. गाईचं पहिलं मोठं पोट म्हणजे शंभर लिटरच्या वर माल मावेल असं एक विरजणाचं भांडंच. त्यात असंख्य सूक्ष्म जंतू चारा आंबवतात, तेव्हा कुठं गवताचं दूध होतं. हे जंतू कडब्याला, गवताला सरावलेले. त्यांच्यावर एकदम शिजलेल्या भाताचा नि कणकेचा डोंगर टाकला, की भांडं आंबट ढाण होतं. दही जास्त आंबलं तर आपण कढी करतो. गाईनं काय करायचं? ती लोळते, आणि वेळेवर इलाज झाला नाही तर जाते. नैवेद्याचा एक घास ठीक, पातेलं नव्हे.

दुसरी गोष्ट, ते अन्न पिशवीत बांधून टाकू नका. शेळी ‘काहीही खाते’ म्हणतात, पण खरं तर ती ओठांनी पाला निवडून खाते. गाय जिभेचा वेढा घालून घास ओढते. त्यात पिशवी आली काय, केसातली पिन आली काय, सुई आली काय, तिला निवडता येत नाही. पिशवी पोटात साठत राहते आणि सुई-तार पुढच्या जाळीदार पोटात जाऊन बसते. तिथून काळीज वीतभर अंतरावर. तारेला दिशा मिळाली तर ती थेट काळजापर्यंत जाते. महाराष्ट्रात २०१८ सालापासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, पण बंदी कागदावर असते आणि केराची बादली आपल्या हातात.

लंगड्या कुत्र्याला घेऊन एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आला होता. पट्टी बांधताना ह्यांची नजर त्याच्या मनगटावर गेली. दाताचा ओरखडा. “हे कधी?” “काल. थोडंसंच लागलंय.” आईनं वर हळद भरली होती. ह्यांनी कुत्रं बाजूला ठेवलं, मुलाला नळाखाली नेलं, साबण दिला आणि मला म्हणाले, “घड्याळ बघ. पंधरा मिनिटं.” पंधरा मिनिटं किती मोठी असतात ते त्या दिवशी कळलं. मग त्याच्या वडिलांना बोलावून मुलाला सरकारी रुग्णालयात लस घ्यायला पाठवला. लुई पाश्चरनं पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर पहिली लस टोचली १८८५ साली, तीही अशाच एका नऊ वर्षांच्या मुलाला. तरी आज आपण हळद-मिरची भरून घरी बसतो. हा रोग एकदा उमटला, की माणूस बहुधा वाचतच नाही. चावा, ओरखडा किती का लहान असेना, साबणानं पंधरा मिनिटं धुणं आणि त्याच दिवशी लस, ह्यात तडजोड नाही.

दुपारी डबा खाऊन आम्ही गावांकडे निघालो. येवला तालुक्याचा एक भाग पालखेडच्या कालव्यावर थोडा हिरवा, आणि राजापूर-ममदापूरकडचा माळ कोरडा. तिथं काळविटं पाण्यासाठी वणवण करतात आणि उन्हाळ्यात बायाही. अशा माळावर दावणीची एक गाय म्हणजे घरातली कमावती बाईच समजा. कांद्याचे पैसे वर्षाकाठी आणि तेही भाव मिळाला तर. दुधाचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला. किराणा त्यातून, मुलांच्या वह्या त्यातून.

वाटेत ह्यांनी जुन्या गोष्टी काढल्या. आजोबांच्या वेळी बुळकांडीची साथ आली, की गावचे गोठे एका आठवड्यात रिकामे होत. त्या रोगाच्या धाकानंच जगातली पहिली पशुवैद्यांची शाळा १७६१ साली फ्रान्समध्ये ल्यों गावी निघाली. आपल्या मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं, आणि जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात. पिढ्यान्‌पिढ्या लस टोचत टोचत अखेर २०११ साली बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाली. माणसाच्या देवीनंतर असा हटवलेला हा दुसराच रोग. देवी गेल्याचं आपण मुलांना सांगतो, बुळकांडी गेल्याचं कुणी सांगत नाही.

“आणि लम्पी?” मी विचारलं. २०२२ सालचे ते महिने मला चांगले आठवतात. अंगभर गाठी आलेल्या गाई, बंद पडलेले जनावरांचे बाजार आणि रात्री उशिरा लशीची पेटी घेऊन येणारे हे. तो रोग माणसाला होत नाही, दूध उकळून प्यायला हरकत नाही, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते. तरी कित्येक घरांनी रतीब बंद केले. ज्यांच्या गोठ्यात एकही गाठ नव्हती, त्यांचेही. हे म्हणाले, “गाय आजारी पडली की बाईचं दुहेरी नुकसान होतं. एक गोठ्यात नि एक गिऱ्हाइकाच्या दारात.”

तेव्हा मी ते वाक्य नुसतं ऐकलं. कळलं पुढच्या घरी.

हे घर अंदरसूलच्या बाजूला, रस्त्यापासून आत. एक गाय, दोन शेळ्या, पत्र्याचं छप्पर. गोठा असा लख्ख, की आपण खाली बसावं. घरधनी पुढे आला आणि सांगू लागला, “साहेब, काही विशेष नाही, दूध जरा कमी झालंय, एक सुई मारून द्या.” बाई मागे, पदर सावरून उभी. ह्यांनी गाईच्या कासेला हात लावला आणि वळून बाईला विचारलं,

“ताई, धार तुम्हीच काढता ना? पहिल्या धारेत काय दिसलं?”

“गाठी दिसल्या साहेब. परवापासून. मागचा डावा सड. हात लावू देत नाही, गरम लागतो. दूध तापवलं तर फुटलं. चव घेतली, खारट लागली.”

बघा! डॉक्टरनं पाच वर्षं शिकून जे विचारायचं, त्याची सगळी उत्तरं तिच्याकडे तयार. फक्त विचारणारं कुणी नव्हतं. ह्यांनी एका पांढऱ्या तबकडीच्या चार खणांत चार सडांचं दूध घेतलं, वर औषधाचे थेंब टाकून हलवलं. तीन खणांतलं दूध दुधासारखं राहिलं. चौथं जेलीसारखं घट्ट झालं. कासदाह. आपल्याकडे ह्याला दगडी म्हणतात, कारण इलाज लांबला तर कास खरोखरच दगड होते आणि तो सड कायमचा जातो.

इलाज झाला. सडात औषधाची नळी रिकामी केली, इंजेक्शन दिलं, पुढचे तीन दिवस कसं द्यायचं ते सांगितलं. मग ह्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात एक तारीख लिहिली आणि कागद घरधन्याच्या हातात न देता बाईच्या हातात दिला.

“औषधाचे तीन दिवस, आणि शेवटच्या औषधानंतर आणखी चार दिवस. ह्या तारखेपर्यंत दूध कुणाला घालायचं नाही. चारही सडांचं. वासरालाही नाही. काढायचं आणि खड्ड्यात ओतायचं.”

बाई काही बोलली नाही. बोटांवर मोजू लागली. मीही मनात मोजलं. बारा लिटर दूध, सात दिवस, चौऱ्याऐंशी लिटर. पन्नास रुपये लिटर धरा. चार हजार दोनशे रुपये खड्ड्यात, आणि औषधाचा खर्च वेगळा.

घरधनी म्हणाला, “साहेब, तीन सड तर चांगले आहेत ना? थोडं थोडं मिसळून घातलं तर कोणाला कळतंय?”

“कळत नाही म्हणूनच घालायचं नाही,” हे म्हणाले. “औषध रक्तात जातं, ते चारही सडांत उतरतं. उकळून जात नाही. रोज थोडं थोडं पोटात गेलं, की जंतू त्या औषधाला सरावतात. मग उद्या तुझ्या-माझ्या नातवाला ताप आला, तर तेच औषध लागू पडत नाही. एखाद्याला त्या औषधाचं वावडं असलं तर अंगावर उठतं.” मग माझ्याकडे बघून, “आणि दही लागत नाही. जे औषध सडातला जंतू मारतं, ते विरजणातलाही मारतं.”

म्हणजे आमच्या वाचक मैत्रिणीच्या दह्याचं उत्तर सापडलं होतं. भांडी मलाच घासायची होती.

पण मला त्या क्षणी भांड्यांचं काहीच वाटलं नाही. कारण ती बाई बोलू लागली होती. घरधन्याशी नाही, ह्यांच्याशी नाही, माझ्याशी.

“वहिनी, मी नाही घालणार. मागल्या वर्षीबी नव्हतं घातलं. सहा घरांचा रतीब होता. प्रत्येकीला सांगितलं, गाय आजारी आहे, आठ दिवस दूध नाही. दोघी म्हणाल्या बरं. एकीनं पैसे कापले ते कापले, वर दूध पुरवायचं नाही तर रतीब घेता कशाला म्हणाली. तिघींनी दुसरा दूधवाला लावला तो लावलाच. तिघींची भरपाई व्हायला मला सहा महिने लागले. त्या दूधवाल्याचा कधी खाडा पडत नाही म्हणे.” जरा थांबली. “खाडा पडत नाही म्हणजे त्याची गाय कधी आजारीच पडत नाही का, वहिनी?”

मला उत्तर देता आलं नाही.

घरी येईपर्यंत मी गप्पच होते. ह्यांनी दोनदा विचारलं, दमलीस का? दमले नव्हते. आठवत होते. आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतं. त्याच्या चौकोनात आपण दुधाचा खाडा मांडतो. महिनाअखेर हिशेब करताना खाड्यांवर बोट ठेवून पैसे कापतो. त्यात गैर काही नाही, जे घेतलं नाही त्याचे पैसे का द्यावे? पण खाडे मोजताना मी आजवर एकदाही विचारलं नव्हतं, की का पडला. दोन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या दूधवाल्या भाऊंचे एका महिन्यात सलग सात खाडे पडले. घरात पाहुणे होते, माझी तारांबळ झाली होती. मी म्हटलं, “भाऊ, असं चालायचं नाही.” आणि पुढच्या पहिल्या तारखेपासून दुसरं दूध लावलं.

भाऊ अजून आमच्या गल्लीत येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना थांबवलं.

“भाऊ, तेव्हा ते सात दिवस दूध का आलं नव्हतं हो?”

भाऊंनी किटली खाली ठेवली. संकोचले. “म्हैस आजारी होती वहिनी. इंजेक्शनं चालू होती. डॉक्टरसाहेबांनीच सांगितलं होतं, सात दिवस कोणाला घालू नको म्हणून.”

“कुठले डॉक्टरसाहेब?”

“आपले साहेब.”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. “अहो, मग मला सांगायचं नाही का?”

“साहेबांच्या घरी साहेबांचीच सबब कशी सांगायची? आणि वहिनी, खाडा तो खाडा.”

घरात येऊन ह्यांना विचारलं. ह्यांना आठवलंसुद्धा नाही. दिवसाला पंधरा जनावरं बघणाऱ्या माणसाला कुठली म्हैस कुणाच्या रतीबाची, हे काय माहीत! ज्यानं माझ्या घरच्या सांगण्यावरून आपलं नुकसान सोसलं, त्याला मी माझ्याच घरातून शिक्षा दिली. आणि ज्याचा कधी खाडा पडला नाही, त्याला बक्षीस.

तर भगिनींनो, दह्याचं पत्र पाठवणाऱ्या मैत्रिणीला आणि तुम्हा सगळ्यांना माझं उत्तर असं.

१) आधी आपलं तपासा. विरजण जुनं, दूध फार गरम किंवा अगदी गार, भांड्याला साबण राहिलेला, थंडीचा कडाका, ह्यांतलं एखादं कारण बहुतेक वेळा असतंच.

२) तरी दही लागेना, तर दोन वाट्या घ्या. एकीत रतीबाचं दूध, दुसरीत पिशवीचं. एकच विरजण, एकच जागा. पिशवीचं लागलं आणि रतीबाचं नाही, तर दूधवाल्याला विचारा. भांडायला नको, “गाय-म्हैस बरी आहे ना? औषध चालू आहे का?” एवढंच. मात्र दही लागलं म्हणजे दूध अगदी निर्दोष, असंही नव्हे. औषध थोडंसं असेल तर दही लागतंही.

३) दूध नेहमी उकळूनच वापरा. उकळल्यानं रोगजंतू मरतात. औषध मात्र जात नाही, हे लक्षात ठेवा.

४) तुमच्याकडे गाय असेल, किंवा माहेरी-सासरी गोठा असेल, तर धार काढण्याआधी हात धुणं, सड स्वच्छ फडक्यानं पुसणं, पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर घेऊन गाठी बघणं, आणि आजारी जनावराची धार शेवटी काढणं, एवढं करा. धार झाल्यावर तिच्यापुढे चारा टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहते. तेवढ्यात सडाचं तोंड मिटतं, आणि खाली बसताना घाण आत जात नाही. जनावर आजारी पडलं तर पशुधनासाठी १९६२ हा मोफत फोन क्रमांक आहे, तो कॅलेंडरवर लिहून ठेवा.

५) आणि सगळ्यात महत्त्वाचं. दूधवाला किंवा दूधवाली येऊन म्हणाली, “गाय आजारी आहे, आठ दिवस दूध नाही,” तर तिला तोडू नका. त्या आठवड्यात पिशवीचं दूध आणा, पाहुण्यांना काळा चहा द्या, काय हवं ते करा. पण नवव्या दिवशी तिचीच किटली दारात घ्या. खाडा सांगणारी बाई आपल्या मुलांच्या तोंडात औषध जाऊ नये म्हणून चार हजारांचं दूध खड्ड्यात ओतून आलेली असते. आपण तिला सोडलं, तर पुढच्या खेपेला ती ओतणार नाही. मिसळेल. आणि मग चूक तिची एकटीची राहणार नाही.

आमच्याकडे ह्या पहिल्या तारखेपासून भाऊंचा रतीब पुन्हा सुरू झाला. पहिल्याच दिवशी ते किटली कलंडताना म्हणाले, “वहिनी, आधीच सांगतो हं, पुढल्या आठवड्यात दोन दिवस खाडा पडेल. लेकीकडे जायचंय.”

मी म्हटलं, “जा भाऊ, खुशाल जा.” आणि कॅलेंडरवर मांडून ठेवलं. ह्या वेळी चौकोनात नुसती फुली नाही मारली. कारणही लिहिलं.